हजार किलोंचं सामान

जुलैत मुलाने अलास्काच्या बोटीची तिकिटं काढली, बोट सिएटलहून सुटणारी. फोनवर म्हणाला, "आई, उन्हाळा असला तरी गरम कपडे घे. तिथे दिवसाही सतरा-अठराच्या वर पारा चढत नाही, शिवाय पाऊस. सुती नको, भिजलं की गारठतं. लोकर ओली झाली तरी ऊब देते." बॅग मात्र तेवीस किलोंचीच.

लोकरीचं म्हणून ह्यांचं कपाट तीन वर्षांनी प्रथमच उघडलं. वरच्याच कप्प्यात त्यांचा राखाडी स्वेटर होता. तो घेतला आणि कपाट पुन्हा लावून टाकलं.

वाटेत स्कॅगवे नावाचं बंदर लागलं. शाळेत इतिहास शिकवताना २२ जून १८९७ची रँडची हकिगत मी कितीदा सांगितली असेल! पण त्यानंतर महिन्याच्या आतच, १७ जुलैला, क्लोंडाइकचं सोनं घेऊन 'पोर्टलंड' ही आगबोट सिएटलला लागली, हे मला ठाऊक नव्हतं. त्या बातमीने सुमारे लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. त्यांतली बरीच ह्या स्कॅगवेला आणि शेजारच्या डायीला उतरली.

पुढे डोंगर आणि त्यापलीकडे कॅनडाची हद्द. १८९७च्या हिवाळ्यात डॉसन गावात अन्नाचा तुटवडा पडला होता. म्हणून वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय कॅनडाचे घोडेस्वार पोलीस कुणाला आत सोडत नसत. पीठ, बेकन, घेवडा, साखर, त्यात अवजारं, तंबू, कपडे... सगळं मिळून जवळपास हजार किलो! एवढं एका खेपेत कोण नेणार? पाठीवर थोडं घ्यायचं, बर्फातून चिलकूट खिंड चढायची, सामान वर ठेवून परत खाली यायचं. अशा कित्येक खेपा. शेजारच्या व्हाइट पासच्या वाटेवर ओझ्याखाली तीनेक हजार घोडी मेली. १९००मध्ये तिथली रेल्वे पुरी झाली, तोवर सोन्याची धावपळ ओसरलीही होती. आणि डॉसनला जे पोचले त्यांतल्या बहुतेकांना कळलं, की चांगल्या जागा आधीच आलेल्यांनी घेतल्या आहेत.

चिलकूटच्या वाटेवर त्या लोकांनी टाकलेलं सामान आजही गंजत पडलंय म्हणे. त्याच आगगाडीत बसून मी व्हाइट पास पाहिला. बाहेर धुकं, बारीक पाऊस, अंगात ह्यांचा स्वेटर. मनात आलं, ज्यांनी ओझं वाटेत टाकलं ते काही सगळेच हरलेले नसतील. काहींना नुसतं घरी परतायचं असेल.

परत आल्यावर ते कपाट रिकामं केलं. शर्ट, कोट, धोतरं वृद्धाश्रमात दिली. मुलाला कळवलं, तो काही वेळ बोललाच नाही.

असो. स्वेटर तेवढा ठेवलाय.