शरणपूरची नऊ मुलं

सप्टेंबर १८६५ मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला तेव्हा शहर हवालदिल झालं होतं. अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचे भाव गडगडले आणि जुलैत शेअरबाजार कोसळला. गुलामीवरून पेटलेलं युद्ध थांबल्यामुळे बुडालेल्या शेठलोकांपुढे हा माणूस आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलायला उभा राहिला. तरीही वर्गणी जमली, हे विशेष! पुण्यातही त्याचं व्याख्यान झालं. ‘लेडी न्यासा’ ही सुमारे ६,००० पौंडांची आगबोट त्याने मुंबईत २,३०० पौंडांना फुंकून टाकली. ते पैसे ज्या बँकेत ठेवले, तिचंही दिवाळं वाजलं.

खरी साथ मिळाली ती नाशिकजवळच्या शरणपुरात. चर्च मिशनरी सोसायटीच्या या वसाहतीत, अरबी गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं लिहायला-वाचायला, सुतारकी-लोहारकी शिकत. त्यांतली नऊ लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या मोहिमेवर निघाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग ही त्यांची नावंसुद्धा मिशनमधल्या पाद्र्यांवरून पडलेली.

मार्च १८६६ मध्ये आफ्रिकेचा किनारा गाठताना लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत मोजदाद मांडली: १३ शिपाई, १० जोहाना बेटावरचे, ९ नाशिकचे, २ शुपांगा गावचे, २ वायाउ जमातीचे; शिवाय ६ उंट, ३ म्हशी, एक रेडकू, २ खेचरं, ४ गाढवं. त्सेत्से माशी चावली तर म्हशी तगतात का, हे त्याला बघायचं होतं. शिपायांना त्याने काही महिन्यांतच परत धाडलं. नाशिकच्या मुलांवरही रोजनिशीत ताशेरे आहेत, पण ती फिर्याद एकतर्फी आहे, हे धरूनच वाचावी. रिचर्ड पहिल्याच वर्षी आजारी पडून वाटेत वारला. एडवर्ड गार्डनर मात्र शेवटपर्यंत टिकला.

१८७२ मध्ये शरणपूरचे आणखी सहा जण मदतीला रवाना झाले. त्यांतला जेकब वेनराइट लिहिता होता. मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा सामानाची यादी जेकबनेच केली, प्रार्थना म्हटली, झाडावर नाव-तारीख कोरली. त्याची स्वतःची रोजनिशीही शिल्लक आहे. मृतदेह इंग्लंडला पोचल्यावर १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता.

वर्षभरात शरणपूर मिशनच्याच पाद्री प्राइसने मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी नवी वसाहत उभारली. मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रीअर यांच्या नावावरून ती फ्रीअरटाउन झाली, आणि तिथल्या कामाला हाताशी धरले ते नाशिकला शिकून तयार झालेलेच.