पानी, पाणी आणि वॉटर

आमचा भाऊ मॅट्रिकला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा इंग्रजीत गेला. गणितात तो शाळेत पहिला यायचा. पण इंग्रजीत नापास तो साऱ्यांत नापास, असा त्या वेळचा कायदा. तिसऱ्या निकालानंतर, १९५२ साली, तो राईस मिलमध्ये दिवाणजी झाला. पुस्तके त्याने पत्र्याच्या पेटीत घातली, पेटीला कुलूप लावले आणि किल्ली मायजवळ दिली. "लहान्याला लागतील," एवढेच म्हणाला. लहाना म्हणजे मी. तेव्हा मी दुसरीत होतो.

आमचे गाव साकोलीकडचे, तलावांच्या आणि धानाच्या मुलखातले. या मुलखातल्या पोराचे नशीब इंग्रजीच्या एका पेपराला कसे बांधले गेले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत उभा राहिला. पुण्या-मुंबईची मुले मुंबई विद्यापीठाकडे पाहत, तेव्हा आमच्याकडच्या परीक्षांची दोरी आधी कलकत्त्याच्या आणि मागाहून अलाहाबादच्या हाती होती. नागपूरला विद्यापीठ आले ते १९२३ मध्ये. कचेरी, रेल्वे, शाळाखाते, जिकडे म्हणून पगार होता तिकडे जाणारी वाट मॅट्रिकच्या दाराशी येऊन थांबे. पुढे हायस्कुलातले इतर विषय मराठीत शिकवू लागले, पण इंग्रजीचा पेपर जागचा हलला नाही.

आता त्या वर्गात आम्हांकडून काय काय अपेक्षित होते, ते सांगतो. रोज दहा स्पेलिंगे पाठ. चुकले की तो शब्द वहीत वीसदा. आठवड्यातून एकदा डिक्टेशन. वाक्यांचे पृथक्करण, कर्तरीचे कर्मणी, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष. पुढच्या वर्गांत रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण, उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश, हेडमास्तरांना रजेचा अर्ज आणि निबंध. निबंधाचे विषय ठरलेले. 'समुद्रकिनाऱ्यावरची सहल' हा त्यांतलाच एक. मुंबईचा समुद्र आमच्यापासून आठशे किलोमीटरांहून दूर. मास्तरांनीही तो पाहिलेला नव्हता. तरी आम्ही चाळीस पोरांनी त्या लाटा वर्णन केल्या, आणि चाळीसही वह्यांत त्या एकाच गाईडातून आलेल्या होत्या! रोवणीवर निबंध लिहा, असे कोणी सांगितले असते तर आमच्यातला शेवटच्या बाकावरचाही दोन पाने लिहिता. बोलायला मात्र कोणीच सांगत नसे. सहा-सात वर्षे इंग्रजी शिकून मी वर्गात इंग्रजीत जे बोललो, ते 'येस सर' आणि 'प्रेझेंट सर'.

सगळ्यांचा राजा म्हणजे भाषांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला महाराष्ट्राच्या किती पिढ्यांनी घोकली, त्याला गणती नाही. मराठी वाक्य घ्यायचे, त्याचे इंग्रजी करायचे. मग इंग्रजीचे मराठी. ही पद्धत मला वाईट वाटत नाही. मराठीतला कर्मणी प्रयोग मला कळला तो इंग्रजीचा 'पॅसिव्ह' करता करता. पण त्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की पोराला मराठी येते.

आणि आम्हांला ती येत नव्हती! आम्हांला येत होती झाडीबोली. तिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही. पाणी ते 'पानी' आणि डोळा तो 'डोरा'. एकदा मास्तरांनी भाषांतरासाठी वाक्य तोंडी विचारले. मी उठून उभा राहिलो आणि आधी मराठी म्हणून दाखवू लागलो, "बोडीतला पानी बांधीत..." वर्ग हसला. वर्ग म्हणजे तहसीलच्या गावात राहणाऱ्या कारकुनांची पाच-सहा मुले. बाकीचे माझ्यासारखेच होते, पण तेही हसले. मास्तर म्हणाले, "आधी मराठी शीक, मग इंग्रजीकडे बघू." मास्तर दुष्ट नव्हते. मला वाटते, त्यांच्याही घरी 'पानी'च असावे. मी मात्र त्यानंतर वर्षभर वर्गात हात वर केला नाही.

१९५४ साली भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली आणि ते हरले. वडिलांनी आपल्याकडून तर्खडकरांची तिन्ही पुस्तके पाठ करून घेतली होती, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. ते मी फार उशिरा वाचले. आमच्या बाबांना अक्षरओळख नव्हती. मला तर्खडकर शिकवला तो भाऊने, मिलमधून आल्यावर, कंदिलाच्या उजेडात. स्वतः तीनदा पडलेला माणूस शिकवतो तसे त्याने शिकवले. कुठे पाय घसरतो, ते त्याला पक्के ठाऊक होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला. १९५७ मध्ये खुद्द नागपुरात इंग्रजीच्या अध्यापनावर अखिल भारतीय परिसंवाद झाला आणि घोकंपट्टीऐवजी क्रमाने लावलेल्या वाक्यरचना तोंडी घोटून घ्याव्यात, असा नवा विचार पुढे आला. आमच्याकडे तो विचार पोहोचेपर्यंत मी मॅट्रिक होऊन गेलो होतो. १९६२ साली. इंग्रजीत काठावर.

निकाल घेऊन मी सरळ मिलवर गेलो. भाऊने गुणपत्रिका दोनदा वाचली, घडी करून परत दिली आणि मापाऱ्याला म्हणाला, "आज पोत्यांचा हिशेब उद्या करू." त्याला हिशेब उद्यावर टाकताना मी आधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आले. माझी नात शाळेत 'वॉटर' शिकली तेव्हा तिला 'पाणी' लिहिता येत नव्हते. त्याच सुमारास घर उतरवताना ती पत्र्याची पेटी निघाली. भाषांतर पाठमालेला वाळवी लागली होती, पण खालची एक वही शाबूत होती. तिच्यात भाऊने पट्टीने तीन रकाने पाडले होते. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात पुस्तकी मराठी, तिसऱ्यात आमचा. वॉटर, पाणी, पानी. आय, डोळा, डोरा. अशी अकरा पाने. पुढे पुढे क्रम उलटा झाला होता. तिसरा रकाना आधी भरलेला आणि पहिले दोन मोकळे. बोडी. बांधी. रोवणी. या शब्दांपुढे त्याने जागा सोडून ठेवली होती.

नातीने विचारले, "हे कोणाचे होमवर्क?"

मी म्हटले, "मोठ्या आजोबांचे." तिने पेन्सिल आणली, बांधीसमोर 'फील्ड' लिहिले, आणि मला विचारले, बरोबर आहे का.