वऱ्हाडातील कोरीव दगडाचे वैभव

वऱ्हाडात जुन्या दगडी देवळाला सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु हेमाडपंत हे तेराव्या शतकातील, यादवांचे मंत्री. अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळीच्या देवळातील शिलालेख मात्र शके १०९८, म्हणजे इ.स. ११७६ चा आहे. अर्थात ही कला हेमाडपंतांच्याही आधीची होय. चुन्याविना, घडीव दगड खाचांत बसवून व वजनाने तोलून अशी देवळे उभी राहिली. दर्यापूर तालुक्यातील लासूरचे आनंदेश्वर मंदिर त्याच परंपरेतले.

पुढे १४८७ मध्ये नरनाळ्याचा महाकाली दरवाजा नक्षीदार सज्जे व कोरीव अक्षरे घेऊन उभा राहिला. बाळापुरात मिर्झाराजे जयसिंगांनी सतराव्या शतकात नदीकाठी छत्री बांधली. राजवटी गेल्या, पाथरवटाच्या छिन्नीचे काम राहिले.

जीर्णोद्धाराच्या वेळी हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. कोरीव दगडावर तैलरंगाचे थर चढले की नक्षी बुजते व आतील ओल कोंडते. जुना दगड हळुवार स्वच्छ करून, निखळलेला पूर्ववत बसविणे, यातही दात्यांच्या देणगीचे सार्थक आहे.