सव्वा महिना

यंदा श्रावणात आमची मोठी नात बाळंतपणाला माहेरी आली, आणि पुष्कळ वर्षांनी आमच्या घराला अळीव, डिंक आणि बाळंतशोपा यांचा वास लागला. सुनेने लाडू वळायला घेतले, मी दुपटी शिवायला बसले. इस्पितळातून मायलेकी घरी आल्या त्याच दुपारी गावातल्या आशाताई आल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, ते तसेच हवेवर वाळू दिले, आणि मगच बाळाला उचलले. झोळीच्या काट्याने बाळाचे वजन केले, नातीचा ताप पाहिला, तिला हलक्या आवाजात चार प्रश्न विचारले. जाता जाता मला म्हणाल्या, "आजी, खोली फार कोंदट झालीय. ती खिडकी उघडा थोडी."

मी उठले खरी, पण माझा हात खिडकीच्या कडीवर अडला. त्या अडण्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

माझ्या आईचा जन्म १९२४ सालचा, वाईजवळच्या एका खेड्यातला. आजीची पहिली दोन बाळंतपणे तिच्या माहेरी झाली. हे तिसरे, म्हणून सासरी. सुटका नीट झाली. पण तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला, पोट फुगले, ती असंबद्ध बोलू लागली, आणि आठव्या दिवशी ती गेली. आदल्या एका रात्री, शेगडीच्या धुराने जीव गुदमरतो म्हणून तिने विनवले होते, आणि तिच्या नणंदेने, म्हणजे माझ्या आईच्या आत्याने, खोलीची एकुलती एक खिडकी घटकाभर उघडली होती. झाले! 'बाळंतिणीला वारा लागला' असा घराने निवाडा दिला. आत्या बालविधवा, भावाच्या आश्रयाला राहिलेली. उलट बोलण्याची तिला सोय नव्हती; आणि मला वाटते, तो निवाडा तिलाही पटला होता. तिनेच माझ्या आईला वाढवले, पुढे आम्हा भावंडांनाही. पण वैशाखाच्या उकाड्यातसुद्धा ती निजायच्या खोलीची खिडकी लावून घेई. लहानपणी मी एकदा हट्टाने ती उघडली. आत्या अंधारात उठली, खिडकी लावली आणि काही न बोलता पुन्हा निजली.

ती जुनी बाळंतिणीची खोली आजच्या मुलींना सांगून खरी वाटणार नाही. माजघरामागची अंधारी खोली, सुंभाची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा, शेपा आणि वावडिंग यांची धुरी. सकाळी तेलाने अंग रगडायचे, कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, कान घट्ट बांधायचे. जेवायला मऊ भात, भरपूर तूप, मिरी, लसूण, शेपूची भाजी. मधल्या वेळी डिंकाचा नाहीतर अळिवाचा लाडू. धूर सोडला तर यात हसण्यासारखे थोडेच आहे. रक्त गेलेल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला तूप, खोबरे, खसखस आणि लोहयुक्त अळीव देणारी गृहिणी पोषणशास्त्र शिकलेली नव्हती. पण तिची नजर चुकलेली नव्हती.

आणि सोयराचे म्हणाल, तर त्याचाही एक उपकार होता. एरवी पहाटे जात्यावर बसणाऱ्या आणि दिवसभर विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या सुनेला 'शिवू नको' म्हटले म्हणजे तिला विसावा मिळे. दहा दिवस सोयर आणि सव्वा महिना जपणूक, एवढीच काय ती तिच्या आयुष्यातली हक्काची सुट्टी. सुश्रुताने सूतिकेच्या पथ्याला दीड महिना सांगितला आहे. आजचे डॉक्टर बाळंतपणानंतरचा जपण्याचा काळ सहा आठवड्यांचा धरतात. म्हणजे बेचाळीस दिवस! आमच्या आज्यांचा सव्वा महिना त्यापासून फार दूर नव्हता.

पाचवीची रात्रही तशीच. पाटा-वरवंट्यापुढे दिवा लावून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून सटवाईची वाट पाहायची, बाळाला रात्रभर एकटे सोडायचे नाही. आपण म्हणतो, भोळ्या समजुती. पण बाळंतज्वर बहुधा पहिल्या काही दिवसांतच गाठतो, आणि नाळेतून शिरणारा धनुर्वात तान्ह्याला पहिल्या एक-दोन आठवड्यांत नेत असे. ज्यांनी पाचवी-सहावीला पहारा बसवला, त्यांनी धोक्याचे दिवस बरोबर मोजले होते. चोर कोणत्या वाटेने येतो, एवढेच त्यांना उमगले नव्हते.

ती वाट हातांतून जात होती. नवल असे की, तिचा माग आपल्याकडे फार पूर्वी कोणाला तरी लागला असावा. प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या स्त्रिया कशा असाव्यात हे सांगताना सुश्रुतसंहिता म्हणते की त्या चौघी असाव्यात, प्रौढ वयाच्या, विश्वासाच्या, कामात कुशल, आणि नखे कापलेल्या. नखे का, याचे कारण तेथे दिलेले नाही. पण एवढ्या मोजक्या गुणांत नखांना जागा मिळाली, ती उगीच नव्हे.

कारण सापडायला १८४७ साल उजाडावे लागले, आणि तेही दूर व्हिएन्ना शहरात. तेथल्या मोठ्या इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या. सुइणींच्या विभागात तिनांहूनही कमी. शहरातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या हात जोडून विनवीत. इस्पितळात पोचण्याआधी रस्त्यातच मोकळ्या झालेल्या बायकासुद्धा त्या विभागातल्यांपेक्षा सुखरूप राहत! आणि मोठमोठे पंडित याचे कारण काय सांगत? बिघडलेली हवा. आमच्या वाड्याने जो निवाडा दिला, तोच युरोपातल्या विद्वानांनीही दिला होता.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर मात्र स्वस्थ बसेना. त्याचा एक मित्र, कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मेला, आणि त्याच्या शरीरात बाळंतज्वराच्या बायकांसारख्याच खुणा सापडल्या. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सकाळी प्रेते फाडणारे हातच नंतर बाळंतिणींना तपासत होते. त्याने प्रत्येकाला क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. १८४८ साली त्याच विभागातले मृत्यू शेकडा सव्वावर आले. एवढे होऊनही त्याला मान मिळाला नाही. आपले हात मारेकरी होते, हे कबूल करणे कोणाला सोपे जाते? १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. पुढे १८७९ साली पाश्चरने बाळंतज्वराचे साखळीसारखे जंतू दाखवून दिले, आणि वाद मिटत गेला.

आपल्याकडेही हालचाल सुरू झाली होती. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले. तेव्हा त्या स्वतः जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. १८८५ साली डफरिन फंड निघाला, १८८६ साली मुंबईत स्त्रियांसाठी कामा इस्पितळ उघडले. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले, आणि त्याच्या विद्यार्थिनी परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. हे सोपे नव्हते. परक्याचे मलमूत्र काढणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, असे म्हणणारा तो समाज. घरच्या बाळंतिणीचे सगळे करणाऱ्या विधवेला त्याने कधी मान दिला नाही. तेच काम शिकून, पगार घेऊन करणाऱ्या बाईला त्याने नावे ठेवली.

आता आमच्या खेड्यातल्या त्या खोलीकडे वळू. सुईण कसबी होती, अर्ध्या गावाच्या नाळा तिने कापल्या होत्या. घरचे सांगत की त्याच आठवड्यात ती आणखी दोन घरी जाऊन आली होती. ती ज्या जातीची होती, तिला पुढच्या दाराने येण्याची मुभा नव्हती. परसदाराने ती आत आली. न्हाणीघरात तांब्याचा बंब चोवीस तास पेटलेला होता, कढत पाण्याला तोटा नव्हता. पण त्या बंबाला आणि तांब्याला तिने शिवायचे नव्हते. जिची सावलीही नको, तिचे हात न धुतलेलेच बाळंतिणीपर्यंत पोचले, आणि आमच्या घरात कोणालाही त्यात वावगे दिसले नाही. जे दोषी ठरवायचे ते खिडकीला आणि खिडकी उघडणारीला. व्हिएन्नाचा शोध लागून तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे झाली होती. सल्फाची औषधे येऊन बाळंतज्वराला खरा आळा बसायला १९३५-३६ साल यायचे होते. पण कढत पाणी आणि साबण त्या दिवशीही घरातच होते.

नंतरचा रस्ता पुष्कळ सरळ झाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० नंतरच्या दशकात खेड्यातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले, आणि घरोघर जाऊन तान्ह्या बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करता येतात हे दाखवून दिले. त्याच वाटेने पुढे देशभरच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हा क्रम मी प्रथम ऐकला तेव्हा मला पाचवी आणि सव्वा महिना आठवला. पहारा तोच, पण आता पहारेकऱ्याला चोराची वाट ठाऊक आहे. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे तेहेतीस मातांचे मृत्यू नोंदले गेले. त्या तेहेतीस घरांत कोणा आत्यावर आळ आला असेल का, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

आमची आत्या १९६२ साली गेली. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. यातले एक अक्षरही मला ठाऊक नव्हते. तिच्या उशाशी बसून मी वारा घालीत होते, आणि खोलीची खिडकी तिच्या सांगण्यावरून बंद होती.

त्या दिवशी आशाताई मोरीशी उभ्या राहून पुन्हा हात धुऊ लागल्या. मी त्यांच्या हातावर पाणी घातले, पुसायला धुतलेला पंचा दिला. मग खोलीत गेले. नात झोपली होती, बाळ जागे होते. मी कडी काढली आणि खिडकीची दोन्ही दारे उघडली.