स्वमग्न बालक आणि शिकण्याचा प्रश्न

एखादें मूल शिकत नाहीं असें आपण म्हणतों, तेव्हां तें मुळींच शिकत नसतें कीं केवळ आपल्या रीतीनें शिकत नसतें, हें सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. स्वमग्न बालकांच्या बाबतींत ही तपासणी होण्यास जवळजवळ पाव शतक लागलें; आणि मधल्या काळांत कित्येक निरपराध मातांच्या माथीं दोष आला.

१९४३ सालीं बाल्टिमोर येथील बालमनोरोगतज्ज्ञ लिओ कॅनर यांनीं ११ बालकांची हकीकत प्रसिद्ध केली. माणसांशीं संबंध जुळत नाहीं, नित्यक्रमांतील यत्किंचित् बदलही सोसत नाहीं, पाठांतर मात्र विलक्षण, असें त्या मुलांचें वर्णन होतें. हें वैगुण्य जन्मजात असावें असें कॅनर यांनीं आरंभीं म्हटलें होतें. तथापि १९४९ च्या लेखांत त्यांनीं आईबापांच्या भावशून्य वागणुकीवर बोट ठेविलें. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथानें हा समज अधिकच फैलावला. स्वमग्न मुलाचे पिता असलेले बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ मध्येंच त्याचें खंडन केलें होतें. परंतु दोष कोणाचा नाहीं हें कळलें, तरी मूल शिकतें कसें हें कळत नाहीं.

त्या प्रश्नाचें उत्तर लंडनमधील प्रयोगांतून हळूहळू मिळूं लागलें. बिआटे हर्मेलिन व नील ओकॉनर यांना असें दिसलें कीं, सामान्य मुलांस सार्थ वाक्य विस्कळित शब्दांपेक्षां पुष्कळच सहज आठवतें. स्वमग्न मुलांस मात्र अर्थाचा हा आधार फारसा उपयोगी पडत नाहीं. त्यांच्याच सहवासांत जर्मनींतून आलेल्या उटा फ्रिथ या विद्यार्थिनीनें डॉक्टरेटसाठीं पुढचें पाऊल टाकलें. तिचा प्रबंध १९६८ सालीं पुरा झाला. ठराविक क्रमाचे शब्द ऐकवून ते मुलांकडून म्हणवून घ्यावयाचे, अशी साधी रीत. सामान्य मुलें क्रमांत दडलेला नियम उचलीत, आणि चुकलीं तरी त्याच नियमाकडे झुकून चुकत. स्वमग्न मुलें समोरच्या नियमापेक्षां स्वतःच्याच एखाद्या साध्या नियमाकडे वळत. म्हणजे उणीव स्मरणशक्तींत नव्हती; रचना पकडण्याची रीत निराळी होती. पुढें १९८३ सालीं अमित्ता शाह व फ्रिथ यांनीं दाखविलें कीं, गुंतागुंतीच्या चित्रांत लपलेली आकृति शोधण्यांत हीं मुलें विशेष निपुण असतात. समग्र चित्राचा मोह नसल्यामुळें त्यांना तपशील लवकर दिसतो.

या ज्ञानाचा उपयोग शाळेंत होणें अवश्य होतें. १९७२ सालीं अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यानें एरिक शॉप्लर यांची योजना स्वीकारली. तींत कामाचा क्रम मुलास डोळ्यांनीं दिसेल असा मांडीत, आणि आईबापांस सहशिक्षक मानीत. कालचे आरोपी आतां सहकारी झाले.

आपल्याकडे मुंबईच्या जय वकील शाळेनें १९४४ पासून बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांच्या शिक्षणाची वाट घालून दिली. स्वमग्नतेस कायद्यांत स्थान मिळण्यास मात्र १९९९ साल उजाडलें, आणि २०१६ च्या कायद्यानें अपंगत्वाच्या २१ प्रकारांत तिची गणना केली. परंतु कायद्याच्या पुस्तकांतील हक्क गोंदिया जिल्ह्यांतील बिरसीसारख्या गांवच्या वर्गांत उतरावयाचा, तर गुरुजींना हा इतिहास ठाऊक असला पाहिजे. तोंडी आज्ञा न कळणाऱ्या मुलाच्या हातीं चित्रांचा क्रम देऊन पाहावा. आणि मूल असें कां, या प्रश्नानें खचलेल्या आईला तिचा दोष नाहीं, हें प्रथम सांगावें.