अर्ध्या ठिपक्याची कुळकथा

स्क्रीनचा हवा तेवढा तुकडा कापून व्हिडिओ करायला घ्यावा, तर एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आवळणारा प्रोग्रॅम, अडून बसतो: रुंदीला दोनने भाग जात नाही. १२८० चालते, १२८१ चालत नाही. ही अट संगणकाची नाही, ती टीव्हीच्या घराण्यातून आली आहे.

फ्रेंच अभियंता जॉर्ज वालेन्सी यांनी १९३८ साली उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवण्याची कल्पना पेटंटात मांडली. रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचावरही दिसावे, हा हेतू. डोळा उजेडातले बारकावे जितके टिपतो तितके रंगातले टिपत नाही, म्हणून पुढे रंगाला कमी जागा देऊन भागवले गेले. दूरदर्शन १९८२ साली रंगीत झाले ते पाल पद्धतीने. तिच्यात उजेडाला ५ मेगाहर्ट्‌झ, तर रंगाला सुमारे १.३. मात्र ती सलग लहर होती. आडव्या ओळीत ठिपकेच नव्हते, मग अर्धा ठिपका कुठून येणार?

त्याच १९८२ सालच्या सीसीआयआर ६०१ शिफारशीने ओळीचे ठिपके पाडले: उजेडाचे ७२०, रंगाच्या दोन घटकांचे प्रत्येकी ३६०. पुढे एमपेग या व्हिडिओ मानकाने उंचीतही रंग निम्मा केला, तोच ४:२:०. टीव्हीच्या ७२०, ५७६, ४८० या तिन्ही मापांना सोळानेही भाग जातो, त्यामुळे विषम मापाची गाठ कुणाला पडलीच नाही.

संगणकावर ती पडली. ५ × ३ ठिपक्यांचे चित्र घ्या. रंगाचा तक्ता अडीच बाय दीडचा होतो, म्हणजे प्रत्यक्षात ३ × २ हवा. उजेडाचे १५ आणि रंगाचे सहा-सहा मिळून २७ बाइट लागतात. रुंदी गुणिले उंची गुणिले दीड, या सरधोपट सूत्राने २२ च मिळतात. मग प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीत लिहितो. तक्ता खाली उतरवून २ × १ केला, तर कडेच्या ठिपक्यांना रंगच उरत नाही. तिथे शून्य वाचले गेले की हिरवी पट्टी उमटते, कारण रंगहीनतेचा आकडा शून्य नसून १२८ आहे.

म्हणून भागाकार नेहमी वर न्यायचा. एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्रॅमच्या कोडमध्ये त्यासाठी एक देखणी युक्ती आहे: आकडा ऋण करा, एक बिट उजवीकडे सरकवा, पुन्हा ऋण करा. ५ चे ३ होतात. स्थिरचित्रांच्या जेपेगने हा नियम १९९२ च्या मानकातच लिहून ठेवला होता.

२००३ च्या एच.२६४ या व्हिडिओ मानकाने मात्र जुने वळण सोडले नाही. १०८० ओळी सोळाच्या चौकटीत बसत नाहीत, म्हणून १०८८ साठवायच्या आणि ८ कापायची खूण करायची. पण ४:२:० मध्ये ही कात्री दोन-दोन ठिपक्यांनीच चालते, त्यामुळे १२८१ नोंदवायची सोयच नाही. व्हीपी९ आणि एव्ही१ या नंतरच्या मानकांमध्ये विषम माप बिनदिक्कत चालते, आणि तेच योग्य आहे.

तरीही एच.२६४ च वापरायचे असेल, तर कडेची रांग छाटू नका आणि काळी पट्टीही जोडू नका. काळ्याशी सरासरी होऊन शेजारचा रंग फिका पडतो. शेवटचीच रांग पुन्हा एकदा ठेवा आणि मूळ माप सोबत नोंदवा.