अर्धशिशी आणि शीर

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला लोक आता डेटा सेंटरांचं गाव म्हणून ओळखतात. पण मेंदूवर काम करणारी जनेलिया ही संशोधनसंस्थाही तिथेच आहे. २०२० साली तिथल्या मंडळींनी फळमाशीच्या मेंदूच्या साधारण निम्म्या मध्यभागाचा नकाशा काढला. त्यात सुमारे २५,००० चेतापेशी आहेत. नाव ठेवलं ‘हेमीब्रेन’, म्हणजे अर्धा मेंदू.

हाच ग्रीक ‘हेमी’ मायग्रेनमध्ये दडला आहे. मूळ शब्द ‘हेमिक्रानिया’, अर्धी कवटी. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये शिरताना पुढचा ‘हे’ गळून पडला. आपली अर्धशिशी मात्र शाबूत आहे. तिच्यातल्या ‘शिशी’चा बाटलीशी काही संबंध नाही, ‘शीर्ष’ प्राकृतात ‘सीस’ झालं, तेच हे. सुश्रुताचा ‘अर्धावभेदक’, उर्दूतला ‘दर्द-ए-शकीका’, सगळ्यांनी दुखण्याची जागाच मोजली. (पुष्कळांचं दोन्ही बाजूंनी दुखतं, ते वेगळं!)

दुखतं कुठे हे ठरलं, दुखतं काय? त्याला मराठीत उत्तर तयार असतं: शीर ठणकते. ही ‘शीर’ संस्कृत सिरेची लेक, डोक्याच्या ‘शिर’शी तिचं नातं नाही. आखडते तीही शीर, रक्त काढायला सुई टोचतात तीही शीरच. ‘नस’चंही तेच. ग्रीकांचाही असाच घोळ होता: ‘न्यूरॉन’ म्हणजे आधी स्नायुबंध, चेता नंतर.

डॉक्टरांनी मात्र दोन तट पाडले. १९३८ मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ यांनी अर्गोटामीन टोचलं, तशी कानशिलावरच्या धमनीची उसळी कमी झाली आणि डोकंही उतरलं. दोष रक्तवाहिनीचा, असं ठरलं. पुढे स्कॅन करून पाहिलं तर ऐन दुखण्यातही वाहिन्या फारशा फुगलेल्या दिसेनात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्याच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांभोवती चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या तीन फाट्यांच्या चेतेचे तंतू असतात, कळ त्यांतून जाते. हेच तंतू सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडतात, आणि त्याने वाहिनी रुंदावते. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांना ते दुखण्याच्या वेळी मानेच्या शिरेतल्या रक्तात वाढलेलं आढळलं.

म्हणजे चेता आणि वाहिनी एकमेकींत गुंतलेल्या. म्हणून ‘शीर’ म्हणणाऱ्या आजीला हे आधीच ठाऊक होतं, असं सांगणं ही शुद्ध ओढाताण; तिने फक्त भेद केला नव्हता. सुंठेचा लेप लावून वर फडकं करकचून बांधायला तो लागतही नव्हता.

औषधाला मात्र लागतो. १९९० च्या दशकात आलेली ट्रिप्टान गटाची औषधं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हृदयविकार असलेल्यांना ती देत नाहीत. २०१८ साली अमेरिकेत मंजूर झालेलं एरेन्युमॅब सीजीआरपीची पेशीवरची जागा अडवतं, वाहिनी आवळत नाही. ते महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे, आणि तेही शिरेत नाही, कातडीखाली टोचतात.